पेन थांबवायचं नाही

दारावर थाप पडली तरी प्रभाताई सोनावणे जागच्या हलायच्या नाहीत. आतून फक्त म्हणायच्या, "बोला."

'कोण आहे' नाही, 'या' नाही. बोला. ठाण्याच्या एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. रिटायर झाल्या, बोर्ड सुटला, तो शब्द काही सुटला नाही. दारातल्या माणसाने तोंड उघडलं की त्यांना तो कोण ते कळायचंच, वर त्याची तब्येतही कळायची. मी पहिल्यांदा गेलो आणि "मी कल्याणच्या कॉलेजातून आलोय, अर्थशास्त्र शिकवतो," एवढंच म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला सर्दी झालीय. पलीकडच्या खुर्चीत बसा. पोरांचे आवाज बसले तर माझं काम बसतं."

प्रभाताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. हे वाक्य मी असं मध्येच उरकून टाकतो, कारण त्यांनाही ते उरकलेलंच आवडायचं. कुणी त्यावर रेंगाळायला लागलं, आवाजात करुणा आणायला लागलं, की त्या थेट बोर्डावरच्या सुरात म्हणायच्या, "आपला कॉल पूर्ण झालेला आहे."

गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून त्यांच्यावर लिहीन लिहीन म्हणतोय. आता बसलो आहे तर मानसी आणि वैशालीबद्दलही लिहावं लागणार, कारण या दोन मुलींना वगळून प्रभाताई सांगता येत नाहीत.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं केंद्र होतं. पूर्वी तिथे पाळणाघर चालायचं. कळव्याच्या चाळीतून त्या रोज सकाळी यायच्या, कुलूप स्वतः उघडायच्या. केंद्राची कामं दोन. अंध विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवायची, आणि त्यांच्या परीक्षेसाठी लेखनिक तयार करायचे. लेखनिक म्हणजे परीक्षेत शेजारी बसून, विद्यार्थी तोंडाने सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा माणूस. दोन्ही कामांना डोळस पोरं लागतात, आणि आमच्या कॉलेजात ती पोत्याने आहेत.

नव्या अभ्यासक्रमात पोरांनी आसपासच्या संस्थांबरोबर काम करून शिकायचं असं ठरलं, त्याचे क्रेडिटही ठरले. बहुतेक ठिकाणी याचं काय होतं ते सांगायला नको. पोरं जातात, बॅनर धरून फोटो काढतात, समोसे खातात, शिक्का मारून घेतात. प्रभाताईंकडेही शिक्का होता. तो टेबलाच्या खणात असायचा आणि खणावर त्यांचा हात असायचा. आमच्या प्राचार्यांना फोटोची भारी हौस. ते पहिल्यांदा आले तेव्हा ताई म्हणाल्या, "काढा की फोटो. फक्त कोण कोण हसतंय ते मला सांगा, म्हणजे मीपण हसते." त्यानंतर प्राचार्यांनी तिथे फोटोचा आग्रह धरला नाही.

नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच काम असायचं.

"या खोलीत काय काय आहे ते सांग."

पोरं बावचळायची. "टेबल आहे... खुर्च्या आहेत... कपाट..."

"ते मला माहितीये. मी रोज त्यांना धडकते. मला माहीत नाही ते सांग."

एका वर्षी एक मुलगा इकडे तिकडे बघून म्हणाला, "भिंतीवर ससे आहेत."

"काय आहेत?"

"ससे. पेंट केलेत. गाजर खातायत. एकाचा कान उडालाय, पोपडा पडलाय तिथला."

 ताईंनी आधी सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला, मला लावला, आणखी कुणाकुणाला लावला. सगळ्यांना एकच प्रश्न. "तुम्ही ससे पाहिले होते?" मी पाहिले होते, अर्थातच. "मग मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी सशांच्या मध्ये बसून मीटिंगा घेतेय, सर!" मी म्हणालो, "ताई, सांगण्यासारखं काही वाटलं नाही."

"ते कोण ठरवणार?"

हा त्यांचा खास प्रश्न. आवाज चढवायच्या नाहीत, पण उत्तर मिळाल्याशिवाय सोडायच्याही नाहीत. एकदा एक मुलगी भूगोलाचं पुस्तक वाचताना घाईघाईने म्हणाली, "इथे एक आकृती आहे, एवढी इम्पॉर्टंट नाहीये." ताईंनी हात वर केला. "ते कोण ठरवणार?" त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही. ती मुलगी घाम पुसत पुसत त्या आकृतीतली एकेक रेघ सांगत बसली, आणि मला वाटतं, तिलाही ती आकृती तेव्हाच पहिल्यांदा दिसली. पुढे सोसायटीने खोलीला रंग काढला तेव्हा ताईंनी ती एक भिंत सोडायला लावली. उडालेला कान मात्र रंगवून घेतला.

मानसी भोईर त्यांच्याकडे आली तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. शीळफाट्याच्या अलीकडच्या गावातली. घरच्या भाताच्या शेतांत आता इमारती उभ्या आहेत, त्यामुळे पोरीला कशाची ददात नव्हती. स्कूटीवरून यायची, उशिरा यायची, आणि आल्यावर उशीर का झाला त्याची गोष्ट इतकी रंगवून सांगायची की आणखी उशीर व्हायचा. पण वाचायला बसली की दुसरीच मुलगी. नाटकीपणा नाही, घाई नाही, स्वच्छ आवाज. ताई तिला चांगलं कधी म्हणाल्या नाहीत. फक्त शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून ती खुर्ची अडवून धरायच्या, आणि स्कूटीचा आवाज आला की पिशवी उचलायच्या. मला वाटतं, हे फक्त माझ्याच लक्षात आलं होतं.

लेखनिकाचं शिक्षण ताई स्वतः द्यायच्या. मानसीच्या पहिल्या दिवशी मी तिथे होतो.

"लिही. भारताची राजधानी कोलकाता आहे."

मानसीने लिहिलं. ताईंनी दुसऱ्या मुलाला ते वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, "भारताची राजधानी दिल्ली आहे," आणि खोलीत हसू फुटलं.

"अहो ताई, पण तुम्ही चुकीचं बोललेलात!"

"मग? चूक माझी होती. ती तू कशाला नेलीस?"

"नेली काय... मी करेक्ट केली."

"हे बघ. पेपर चालू आहे तोवर तू माझा हात आहेस. हात परस्पर डोकं चालवायला लागला, तर माणसाला डॉक्टरकडे नेतात."

दुसरा नियम त्याहून अवघड होता. विद्यार्थी बोलत असताना पेन थांबवायचं नाही. पोरांना हे कळायचं नाही. थांबलं तर काय झालं? ताई समजावून सांगायच्या. अंध मुलगा पेनाचा आवाज ऐकत असतो. त्याने काही चुकीचं सांगितलं आणि लेखनिक अडखळला, तर त्याला तेवढ्यावरून कळतं. लगेच तो म्हणतो, नाही नाही, ते खोड. "तोंडातून शब्द काढला नाहीस, तरी सांगितलंसच ना? हुंकार नको, सुस्कारा नको, खुर्ची वाजवायची नाही. मी कितीही मोठी थाप मारली तरी पेन त्याच चालीने चाललं पाहिजे." मग त्या मुद्दाम थापा मारायच्या. समुद्राचं पाणी गोड असतं. वर्षाचे महिने तेरा. पोरं ओठ दाबून, हसू गिळत लिहीत राहायची. तिथे बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे वेडे तयार करण्याचा वर्ग चालतो.

मानसी या सरावात पहिली होती. म्हणूनच वार्षिक परीक्षेला ताईंनी तिला वैशालीची लेखनिक म्हणून दिली. वैशाली टिटवाळ्याची, आमच्याच कॉलेजात बी.ए. करत होती. केंद्रात येऊन तिला दोन वर्षं होत आलेली. कमी बोलायची, पण ताईंना खोडून काढायची हिंमत तिथे तिच्या एकटीचीच होती.

प्रत्येक पेपरनंतर केंद्रात चहा व्हायचा, आणि चहाबरोबर पावती. हा शब्द ताईंचाच. म्हणजे विद्यार्थ्याने आपण काय सांगितलं ते आठवून बोलायचं आणि लेखनिकाने काय लिहिलं ते सांगायचं. वैशालीचा अर्थशास्त्राचा पेपर झाला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो, विषय माझा ना. दोघी आल्या. चहा आला. पहिले दोन प्रश्न झाले.

"मग पंचवार्षिक योजना," वैशाली म्हणाली, आणि थांबली. "अरे देवा. मी उलटं सांगितलं. पहिलीचे मुद्दे दुसरीत घातले. दुसऱ्या योजनेत शेतीवर भर, असं सांगितलं मी."

"टेन्शन नको घेऊ," मानसी बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाली. "मी बरोबर करून टाकलेलं. उद्योग लिहिलं दुसरीत. मस्त झालाय पेपर."

तिच्या आवाजात आनंद होता. मैत्रिणीला पडताना सावरलं, असा.

"तुला कोणी सांगितलेलं?" वैशालीने विचारलं.

"अगं, अख्खा प्रश्न गेला असता तुझा."

"माझा गेला असता. तुझं काय गेलं असतं?"

मानसी माझ्याकडे बघायला लागली. मी ताईंकडे. ताईंनी कप बशीत ठेवला, चाचपडत नाही, नेमका मधोमध. मला वाटलं, आता या मुलीची खैर नाही. पण ताई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी आपली गोष्ट सांगायला घेतली, आणि ती मी तरी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती.

त्यांच्या दहावीला लेखनिक होता शेजारच्या गुरुजींचा मुलगा, शाळेतला हुशार. प्रभा सोनावणे फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. कळव्याच्या त्या चाळीत आंधळी मुलगी फर्स्ट क्लास आली म्हणून पेढे वाटले गेले, वडिलांनी तिला विहारात नेऊन सगळ्यांसमोर उभं केलं. पुढे नोकरी लागली. बी.ए.ला नाव घालायचं ठरत होतं, तेवढ्यात एका लग्नात तो मुलगा भेटला आणि हसत हसत म्हणाला, "प्रभा, तुझ्या फर्स्ट क्लासात माझाही हात आहे बरं का. काय काय सांगायचीस तू!"

"चांगला मुलगा होता," ताई म्हणाल्या. "वाईट मनात काही नव्हतं. माझं भलंच करायचं होतं त्याला. पण त्या दिवसापासून मला माहीत नाही, त्या मार्कांतले माझे किती होते. कदाचित माझ्या उत्तरांवरही मी पास झालेच असते. कदाचित नापास. कळायला मार्ग नाही. मी बी.ए.ला नाव घातलं नाही. म्हटलं, कशाच्या जोरावर घालू?"

मानसी रडायला लागली. मी परीक्षा विभागात काम केलेला माणूस, मला लगेच नियम दिसायला लागले. पेपर रद्द होणार, मुलीचं वर्ष लोंबकळणार. मी म्हणालो, "ताई, हे कुणाला कळलेलं नाही. दोघी लहान आहेत."

"सर, मी नाही ठरवणार," ताई म्हणाल्या. "पेपर वैशालीचा आहे."

वैशालीने पांढरी काठी उघडली. "सर, परीक्षा विभाग चालू असेल ना अजून? मला तिकडे घेऊन चला."

परीक्षा विभागातले साहेब तिचं बोलणं ऐकून गोंधळलेच. माझे मार्क वाढवा म्हणणारे त्यांनी भरपूर पाहिलेले. बरोबर लिहिलेलं उत्तर माझं नाही, सबब पेपर धरू नका, असं म्हणायला कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. शेवटी तो पेपर रद्द झाला आणि वैशालीने नव्या लेखनिकाबरोबर तो पुन्हा दिला. सुट्टीत, उकाड्यात, सगळा अभ्यास परत करून. मार्क बेताचेच पडले. ताईंनी त्या बेताच्या मार्कांचे पेढे आणले आणि सोसायटीत घरोघर वाटायला लावले. माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिले आलेले विद्यार्थी पुष्कळ झाले. वैशालीइतका अभिमान मला कुणाचा वाटला नाही.

मानसी मात्र यायची बंद झाली. क्रेडिट नको, काही नको, असा मला मेसेज आला. मी ताईंना सांगितलं. ताईंना सगळ्यांचे नंबर तोंडपाठ. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"बोला. प्रभा सोनावणे. मानसी, लाइनवर आहेस का?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.

"रडून झालं की सांग, मी लाइन धरते." खरंच धरली. मग म्हणाल्या, "आता ऐक. मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालतेय. वैशालीने पेपर परत दिला, तर मी निदान एकदा तरी द्यायला हवा. मला पुस्तकं वाचून दाखवायला माणूस पाहिजे. तुझ्यासारखं वाचणारं दुसरं कोण नाही इथे."

एवढं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं, तेही फोनवर. दुसऱ्या दिवशी स्कूटी आली. वेळेवर आली.

वर्षभर मानसीने त्यांना पुस्तकं वाचली. राज्यशास्त्र, इतिहास, मराठी. आकृती, तळटीप, मलपृष्ठावरचा मजकूर, काही सोडलं नाही. पासष्टी ओलांडलेली बाई आणि स्कूटीवाली पोर, सशांखाली बसून घटनेतल्या कलमांवर भांडायच्या. परीक्षेसाठी लेखनिकाचं नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी दोन-तीन मुलं सुचवली. वैशालीही होती तिथे. ताई म्हणाल्या, "मानसी."

"ताई, नको," मानसी म्हणाली. "मला सगळं माहितीये त्या पुस्तकातलं. मीच वाचलंय. माझ्याच्याने नाही राहवलं तर?"

"म्हणूनच तू," ताई म्हणाल्या. "ज्याला काही येत नाही त्याचं पेन कशाला थांबेल? त्याची परीक्षा ती काय?"

मानसीने वैशालीकडे पाहिलं. वैशालीला ते दिसायचं कारण नव्हतं, पण ती म्हणाली, "लिही गं."

मानसी दुसऱ्या शाखेची, म्हणून नियमात बसली. परीक्षेचं केंद्र आमचंच कॉलेज. सांगणाऱ्याच्या आवाजाने इतरांना त्रास नको म्हणून लेखनिकवाल्यांना वेगळी खोली देतात, तिथे पर्यवेक्षक म्हणून मी. ताई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या, विहारात जाताना नेसायच्या तशी. मी प्रश्नपत्रिका घेऊन आत गेलो तर सवयीने म्हणाल्या, "बोला."

त्या पहिलं वर्ष पास झाल्या, हे इथेच सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं निम्मी वाचून झाली होती तेव्हा त्या गेल्या. केंद्र आता वैशाली चालवते. शिक्का तिच्या खणात असतो, आणि तोही लवकर हाताला लागत नाही. नव्या पोरांना चुकीची राजधानी सांगून लिहायला लावायचं काम मानसीकडे आहे. पण प्रभाताई म्हटलं की मला आठवतो तो राज्यशास्त्राचा पेपर.

ताई छान सांगत होत्या. संथ, एकेक वाक्य तोलून, स्वल्पविरामासकट. मानसीचं पेन मागोमाग चाललं होतं. संसदेवरचा प्रश्न आला. लोकसभा झाली.

"राज्यसभेच्या सदस्याची मुदत," ताई म्हणाल्या, "पाच वर्षांची असते. पूर्णविराम."

सहा. मी दाराशी उभा होतो, माझ्या घशात सहा येऊन बसलं. मानसीला माहीत होतं. ते पान तिनेच वाचलेलं, मी ऐकलेलं. तिने खालचा ओठ दातांत धरला, मान आणखी खाली घातली. मी पेनाकडे बघत राहिलो. आयुष्यात पेनाकडे इतकं कधी बघितलं नसेल. ते त्याच चालीने ओळीच्या टोकापर्यंत गेलं, टिंब दिलं आणि पुढच्या शब्दाची वाट बघायला लागलं. ताईंनी पुढचं वाक्य सांगितलं.

पेपर संपला. उत्तरपत्रिका घेऊन मी जमा केली. दोघी बाहेर आल्या, ताईंचा हात मानसीच्या खांद्यावर. मानसीचा चेहरा लाल झालेला. जिन्यापाशी ताई थबकल्या.

"मानसी, राज्यसभा सहा वर्षं ना गं?"

"हो ताई."

"आणि मी पाच सांगितलं."

"पाच सांगितलंत."

"तू काय लिहिलंस?"

"पाच."

ताईंनी तिच्या खांद्यावरचा हात उचलून तिच्या गालावर ठेवला. गाल ओला होता. मग त्या हसायला लागल्या, इतक्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातला पर्यवेक्षक बाहेर येऊन बघायला लागला.

"सर, ऐकलंत का?" त्या म्हणाल्या. "गेले! माझे मार्क गेले! माझे स्वतःचे!"

आणि जिना उतरून खाली गेल्यावर गेटवरच्या वॉचमनलाही त्यांनी थांबवून ते सांगितलं.